पहिली सहा अक्षरं

१३ जानेवारी १९७३, शनिवार

प्रोग्रॅम चालला. घाटकोपरला मशीनच्या खोलीत खडखडत कागद बाहेर यायला लागला आणि पहिल्याच ओळीत धर्मा ससाणे हे नाव उमटलं. माझे मामा.

नवी वही आहे, तेव्हा नीट लिहून ठेवते. आमच्या भांडुपच्या कारखान्यात बॅटरीच्या प्लेटी होतात, म्हणजे सगळं शिशाचं काम. दर दोन महिन्यांनी कामगारांचं रक्त तपासायला जातं. रक्तातल्या शिशाचा आकडा ऐंशीच्या वर गेला की त्या माणसाला शिशापासून लांबच्या कामावर हलवायचं, असा नियम आहे. आजवर कंपाउंडर हाताने तक्ते करायचा आणि ते तयार होईपर्यंत पुढची तपासणी यायची. मी ऑफिसात आकडेमोड करणारी, बी. एस्सी. गणित, अजून प्रोबेशनवर. मीच अर्ज केला होता की हे काम मशीनवर होईल. आमच्याकडे काँप्युटर नाही, म्हणून घाटकोपरच्या एका कंपनीची मशीन शनिवारी भाड्याने घेतात.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कामगाराला मी त्याच्या नावाची जागा दिली आहे. त्या जागेत त्याच्या भोकं पाडलेल्या कार्डावरचा आकडा जातो, मग मशीन तो ऐंशीशी ताडून बघतं आणि त्याच्या नावापुढे छापतं. पहिली जागा धर्मा. इंग्रजीत बरोबर सहा अक्षरं होतात, आणि मशीन नावाला सहाच अक्षरं घेतं. जणू मामांसाठीच मोजून ठेवलंय.

तिथल्या मुख्य प्रोग्रॅमर उत्तराताई देवधर माझ्या प्रोग्रॅमची कार्डं चाळत म्हणाल्या, "चाळीस माणसांना चाळीस नावं कशाला गं? अ‍ॅरे घे. एकच नाव, त्याखाली खणांची रांग, आणि प्रत्येक खणाला क्रमांक. माणूस वाढला की एक खण वाढला."

मी म्हटलं, "ताई, गेटवर त्यांना नंबरानेच हाका मारतात. निदान इथे तरी नाव असू दे."

"त्याचा इथे काय संबंध?"

त्यांना कळणार नाही. प्रोग्रॅम चालतोय ना.

१४ जानेवारी, रविवार

कागद घरी आणला. मामांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव तेवढं येतं. म्हणाले, "अठरा वर्षं झाली, सुले. या कारखान्यात मी एकशे सात. धर्मा म्हणून पहिल्यांदा लिहिलं कुणी."

मामी म्हणाली, "आकडा काय आलाय ते बघा आधी."

एकसष्ट. ऐंशीच्या आत आहे. मामींनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे साखर ठेवली.

मामा आणि सोनूबाई मामी नसते तर मी आज नगरकडे खुरपं घेऊन बसले असते. आई गेल्यावर त्यांनीच मला नाहूरला या एका खोलीत आणलं. मला अभ्यासाला कोपरा मिळावा म्हणून मामा वर्षानुवर्षं बाहेरच्या पडवीत झोपले. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. पहिली जागा दिली, एवढंच.

२० फेब्रुवारी, मंगळवार

नवीन भरती झाली. आता दर वेळी नव्या माणसासाठी प्रोग्रॅममध्ये नवीन कार्डं घालावी लागणार, हे मला आधी सुचलं नव्हतं. मला ऑफिस सोडून सारखं घाटकोपरला जाता येत नाही, म्हणून तिथे कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगच्या मीराला नियम लिहून दिला. नवा माणूस आला की त्याच्या नावाची इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं घ्यायची आणि त्या नावाची कार्डं गठ्ठ्याच्या शेवटी लावायची. आय ते एन यांपैकी अक्षराने नाव सुरू होत असेल तर आधी एक्स लावायचा, कारण तसल्या नावाच्या जागेत मशीन दशांश टाकून देतं.

कामगारांमधल्या लहूला हे कुणीतरी सांगितलं. डबा खाताना माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, माझ्या नावाआधी फुली मारली म्हणे? यादीतून उडवलं की काय?"

त्याला समजावताना माझीच वाट लागली. सगळे हसत होते. मीही हसले, पण संध्याकाळपर्यंत ते डोक्यात राहिलं. कामगारांना वाटतं या कागदावर त्यांचं काहीतरी ठरतंय. ठरतंच की.

नव्या लोकांमध्ये भांडुप कोळीवाड्यातला एक आहे, धर्माजी. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून इकडे आला. मामांनीच त्याला पेस्टिंगचं काम शिकवायला घेतलंय. जाळीवर शिशाचा लगदा थापायचा. खात्यात त्या दोघांना थोरला धर्मा, धाकला धर्मा म्हणायला लागलेत.

१० मार्च, शनिवार

दुसरी तपासणी छापून आली. मामांचा आकडा अडतीस.

एकसष्टावरून अडतीस. मी दोनदा वाचलं. गेल्या महिन्यात मी मामांच्या मागे लागले होते की जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुवा, कामाचे कपडे घरी आणू नका. त्याचंच फळ असणार.

कारखान्याचे डॉक्टर आहेत, त्या पेंढारकरांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "छान झालं काम. आता मला चिठ्ठ्या चाळत बसायला नको." कन्फर्मेशनसाठी ते माझी शिफारस करणार आहेत. ऑगस्टमध्ये प्रोबेशन संपतं. तोवर काही चुकलं नाही म्हणजे मिळवली.

२७ मार्च, मंगळवार

घरात शांतता नाही. मामा जेवत नाहीत, पोटात मुरडा येतो म्हणतात, आणि कुणी दोनदा विचारलं की ताट सरकवून उठतात. आज कपातला चहा मामींच्या पायावर सांडला. मामी काही बोलायच्या आत तेच ओरडले, "कप गुळगुळीत घेतेस तर काय होणार."

असे नव्हते मामा. रात्री मामी हळूच म्हणाली, "सुले, पीत तर नसतील ना?"

मी म्हटलं, वास तर येत नाही. पण मला शंका आहे. धर्माजीबरोबर दोन-तीनदा कोळीवाड्यात गेले होते. तिकडे काय चालतं मला काय माहीत.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. सकाळी मामा पांढरा सदरा घालून तयार होत होते. गुंडी लागेना. बराच वेळ बोटं घोटाळत राहिली, मग मामींनी लावून दिली. ते तिच्याकडे बघत नव्हते.

मिरवणुकीत दरवर्षी निळा झेंडा मामांच्या हातात असतो. या वर्षी त्यांनी चौकापर्यंत नेला आणि दुसऱ्याकडे दिला. काठी जड आहे म्हणाले. काठी बांबूचीच आहे, नेहमीचीच. शेजारच्या बायका बघत होत्या. मला लाज वाटली. आजच्या दिवशी तरी घेऊ नये माणसाने.

घरी आल्यावर मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "मामा, तुम्ही पिता का?"

त्यांचा चेहरा पिवळट दिसत होता. म्हणाले, "तुला तसं वाटत असंल तर तसं."

म्हणजे खरंच असणार.

१२ मे, शनिवार

तिसरी तपासणी. मामा पस्तीस. संपूर्ण पेस्टिंग खात्यात एवढा चांगला आकडा कुणाचा नाही, फक्त धर्माजीचा आहे.

कागद बघून जीव भांड्यात पडला आणि लगेच राग आला. याचा अर्थ दुखणं कामाचं नाही. मामा डॉक्टरांकडे गेले होते, डॉक्टरांनी कागद बघून पाचक पावडर दिली आणि सांगितलं की शिसं नाही, खाण्यापिण्याकडे बघा.

संध्याकाळी मामी म्हणाली, "आता मशीनच सांगतंय तुम्हाला काही झालेलं नाही. मग ही सोंगं कशाला?"

मला वाटलं मामा ओरडतील. ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मशीन खोटं बोलत नसतं, सोने. माझं पोटच खोटं बोलत असंल."

उद्यापासून ते जादा पाळी घेणार आहेत. गावाकडे दुष्काळ आहे, मामींची बहीण दोन मुलं घेऊन इथे आलीय. मी अडवलं नाही. अडवायला कारण काय होतं?

आज उत्तराताईंनी पुन्हा विचारलं, "गठ्ठा केवढा वाढलाय तुझा. अजून नावंच वापरतेस?" मी "हो" एवढंच म्हटलं. त्यांना माझ्यात काहीतरी कमी दिसतं.

३० जून, शनिवार

लिहायला वेळ नव्हता असं नाही, मन नव्हतं. मामा झोपेत दात खातात. मामींची बहीण मुलांना घेऊन दुसरीकडे गेली, मामांच्या तोंडाला कंटाळून. ऑफिसात मात्र सगळं ठीक आहे. मॅनेजरसाहेबांनी ठाण्याच्या कारखान्यातही माझा प्रोग्रॅम लावायचा का असं विचारलं.

१४ जुलै, शनिवार

सावकाश लिहिते.

चौथी तपासणी छापली. पहिल्या ओळीत धर्मा ससाणे, शून्य. कुणाच्याही रक्तात शून्य येत नाही. मला वाटलं मामांनी रक्त दिलंच नसेल, कारण गैरहजर माणसाचं कोरं कार्ड लावतात आणि कोऱ्या कार्डाचं मशीन शून्य वाचतं. पण त्या दिवशी मी स्वतः त्यांना दवाखान्याच्या रांगेत बघितलं होतं. कार्ड काढलं. कार्डावर एकशे चार होते.

एकशे चार.

मशीनने चुकीचं वाचलं म्हणून मी उत्तराताईंना हाक मारली. त्यांनी कागद शेवटपर्यंत उलगडला. खाली नव्या लोकांमध्ये आणखी एक शून्य होतं. धर्माजी कोळी. तो रक्ताच्या दिवशी आला नव्हता, त्याचं कार्ड कोरं होतं.

"याच्या जागेचं नाव काय ठेवलंयस?" त्यांनी विचारलं.

मी सांगायच्या आतच मला कळलं. धर्माजी. पहिली सहा अक्षरं. धर्मा.

एकाच खोलीला मी दोन पाट्या लावल्या होत्या. मशीन आधी मामांचा आकडा त्या जागेत ठेवायचं, मग शेवटी येऊन धर्माजीचा त्याच जागेत ठेवायचं. पहिला पुसला जायचा. मग दोघांच्या नावापुढे धर्माजीचाच आकडा. मशीनने तक्रार केली नाही, कारण एक जागा दोनदा वापरणं ही त्याच्या लेखी चूकच नाही. अडतीस धर्माजीचे होते. पस्तीसही त्याचेच.

मी जुनी कार्डं काढली. मार्चमध्ये मामा अठ्ठ्याहत्तर. मे महिन्यात त्र्याण्णव. मे महिन्यातच त्यांना हलवायला हवं होतं. त्याच दिवशी आम्ही त्यांना सोंगं करू नका म्हणालो.

उत्तराताई म्हणाल्या, "सुलक्षणा, पाणी पी." मला त्यांच्याकडे बघवेना. त्या एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ जुलै, रविवार

इथे खोटं लिहिणार नाही. काल घरी येताना मी मनात एक बेत केला. प्रोग्रॅम गुपचूप दुरुस्त करायचा, नवा कागद छापायचा, मामांचा आकडा या वेळी एकदम वाढला असं दिसेल. डॉक्टर त्यांना हलवतील, औषध देतील. कुणाला काही कळणार नाही. कन्फर्मेशनला महिना राहिलाय. मी गेले तर ऑफिसातले म्हणतील, बघा, या लोकांना घेतलं की असं होतं. हे सगळं मी बसस्टॉपवर उभी राहून विचारात घेतलं. मामांचा विचार त्यात होता, पण पहिला नव्हता.

सकाळी मामा दाढी करत होते. वस्तरा डाव्या हातात. उजवं मनगट पुढे लोंबत होतं, जसं त्यांचं नव्हतंच.

मी सांगितलं. सगळं. कार्डं, सहा अक्षरं, धर्माजी. मामी ऐकता ऐकता खाली बसली.

मामांनी अर्धी दाढी तशीच ठेवली आणि विचारलं, "म्हणजे पोट खरं बोलत होतं?"

"हो मामा."

"आणि मी पीत नव्हतो, ते?"

ते उठून पडवीत गेले.

१६ जुलै, सोमवार

मामांना घेऊन डॉक्टर पेंढारकरांकडे गेले. आकडे सांगितले. डॉक्टरांनी मामांना दोन्ही हात सरळ पुढे धरायला लावले. डावा राहिला, उजवं मनगट खाली पडलं.

डॉक्टरांनी ते मनगट सावकाश टेबलावर ठेवलं. मग मला म्हणाले, "मे महिन्यात हा माणूस माझ्यासमोर उभा होता. मी कागद बघितला. हात पुढे करा एवढंही म्हणालो नाही." मला वाटलं मला ओरडतील. ओरडले नाहीत, पण शिफारशीची गोष्टही काढली नाही. दुपारीच मामांना सरकारी इस्पितळात दाखल केलं. शिरेतून औषध देऊन शिसं लघवीवाटे बाहेर काढतात म्हणे. मनगट सुधारेल का, ते आत्ता सांगता येत नाही.

१८ जुलै, बुधवार

मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "मिस शिरसाट, ही मशीनची चूक होती असं लिहिता येईल का? घाटकोपरवाल्यांची मशीन. तुमचंही नाव राहील, आमचंही."

आवाज मऊ होता. मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मी कपाकडे बघत होते. एक वाक्य लिहायचं होतं. उत्तराताईंच्या माथी गेलं असतं आणि त्यांना ते कदाचित निस्तरताही आलं असतं.

मी म्हटलं, "साहेब, मशीनने मी सांगितलं तेच केलं. आणि दुसरी गोष्ट. मामांसारखी आणखी नावं असतील. ती शोधल्याशिवाय शनिवारचा कागद वापरू नका."

"आणखी?" त्यांचा आवाज बदलला.

तसंच लिहून दिलं. माझी सही केली. चहा तसाच राहिला. आता भीती वाटते. सारखं लघवीला जावंसं वाटतं, परीक्षेच्या आधी व्हायचं तसं.

२१ जुलै, शनिवार

उत्तराताईंनी सकाळपासून मला शेजारी बसवलं. मी जुनी नावं खोडायला घेतली तशा म्हणाल्या, "दुरुस्त करू नकोस. सात अक्षरं, आठ अक्षरं, काहीही कर, कुठेतरी पुन्हा दोघं एकमेकांवर येतीलच. हे नावांचं काम नाहीच."

एक रांग केली. दोनशे खण. कामगाराचा बिल्ला नंबर तोच त्याच्या खणाचा नंबर, आणि बिल्ला दोघांचा एक नसतो. कार्डावर आधी बिल्ला, मग नाव, मग आकडा. मशीन कार्ड वाचतं आणि त्या नंबरच्या खणात आकडा ठेवतं. खण आधीच भरलेला असेल तर गप्प बसत नाही, ओळ छापून थांबतं. कोऱ्या कार्डाला शून्य न म्हणता गैरहजर छापतं. गठ्ठाभर कार्डांच्या जागी मूठभर उरली.

मी विचारलं, "आणि नाव?"

"नाव कार्डावर आहे की. माणसाबरोबर येईल, कागदावर छापून जाईल. प्रोग्रॅमच्या पोटात कोरून ठेवायची गरज नाही. तुला येणाऱ्या माणसाचं नाव आधीपासून कसं ठाऊक असणार?"

जुनी कार्डं नव्या प्रोग्रॅममधून घातली. मामांच्या ओळीत एकशे चार. तो आकडा खरा छापलेला बघणं फार वाईट होतं. आणि खाली आणखी एक ओळ, ऐंशीच्या वर म्हणून तारा मारलेली. पार्वती, प्लेटी रचणारी, ब्याऐंशी. गेल्या शनिवारच्या कागदावर ती एकेचाळीस होती, कारण मे महिन्यात पार्वताबाई म्हणून एक नवीन बाई आली होती, इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं तीच.

मी घाटकोपरहूनच कारखान्यात फोन लावला. पार्वती आज पाळीवर होती. डॉक्टरांनी दुपारच्या सुटीआधी तिला तिथून काढलं. तिचे हात ठीक आहेत, पोटही. तिला फक्त थकवा वाटत होता, आणि घरच्या कामाने वाटतो असं ती समजत होती.

५ ऑगस्ट, रविवार

इस्पितळात गेले. मामा माझ्याकडे बघत नाहीत. मामींशी बोलतात, शेजारच्या खाटेवरच्याशी बोलतात. आज मामी पाणी आणायला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मामा, मला रागवा तरी."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मला नाव दिलंस ते लई बरं वाटलं होतं. खरं सांगतो. पण गेटवरचा शिपाई एकशे सात म्हणायचा ना, त्याने मला कधी दुसऱ्याशी चुकवलं नाही."

मी रडले नाही. रडले असते तर त्यांना मला समजवावं लागलं असतं.

निघताना धर्माजी भेटायला आला. हातात टोपलीत सुकी मासळी होती, नर्सने बाहेर ठेवायला लावली. मला बघून थबकला. म्हणाला, "बाई, माझाच आकडा मामाला लागला म्हणतान. मना काय माहीत नव्हतं गो." मी त्याला सांगितलं, तुझा काहीच दोष नाही. त्याचा विश्वास बसला असं दिसलं नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार

प्रोबेशन सहा महिने वाढवलं. काढलं नाही. ठाण्याच्या कारखान्याचं काम गेलं. डॉक्टरांनी एक अट घातली. यापुढे कागद आला की आकडे दुपारच्या सुटीत कामगारांसमोर वाचायचे, बिल्ला आणि नाव दोन्ही घेऊन, आणि ज्याला आकड्यावर शंका असेल त्याला कार्ड दाखवायचं. वाचायचं मी. चाळीस-पन्नास जणांसमोर.

२ सप्टेंबर, रविवार

मामा घरी आले. आता त्यांना पुठ्ठ्यांच्या गोदामात काम आहे, जादा पाळी नाही, पगार कमी पडणार. मनगट थोडं वर येतं, पूर्ण नाही. डॉक्टर म्हणतात अजून महिने जातील. मामींनी त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून दिली, त्यांनी खाल्ली. माझ्याशी एक वाक्य बोलले. "दिवा जरा इकडे कर."

मी केला. एवढंच. पण झोप लागली.

१७ सप्टेंबर, सोमवार

परवा पाचवी तपासणी छापली आणि आज वाचली. पेस्टिंगच्या शेडबाहेर सगळे डबे घेऊन बसले होते. मी स्टुलावर उभी. पहिले दोन नंबर वाचताना आवाज फुटेना, मागून लहू ओरडला, "बाई, आम्हाला पण ऐकू द्या." मग जमलं. एकशे सात, धर्मा ससाणे, एकोणसत्तर. धर्माजीचा वेगळा, सदतीस. कुणीतरी म्हणालं, आता दोन धर्मा झाले. कुणी हसलं नाही. पार्वतीचा खाली आलाय. लहूने स्वतःचं कार्ड मागितलं, बघितलं, परत दिलं.

वाचून संपलं आणि मी कागद गुंडाळायला लागले, तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठून पुढे आली. मी तिला ओळखलं नाही. गेल्या महिन्यात लागलीय म्हणाली, झाडलोट करते, शिशाची धूळ गोळा करते. नाव सरूबाई.

"माझं वाचलं का तू? गलका होता, ऐकलं नाही."

मी तिच्यासाठी काहीच केलं नव्हतं. मीराला नियम दिला नव्हता, प्रोग्रॅमला हात लावला नव्हता, असं कुणी लागलंय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कागद पुन्हा उलगडला आणि बोटाने खाली खाली गेले. बिल्ला एकशे एकोणसाठ. सरूबाई. छत्तीस.

"आहे," मी म्हटलं. "छत्तीस. चांगला आहे."

"कुठंय?"

तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. भोंगा झाला, माणसं डबे बंद करत उठली. मी कागद घ्यायला हात पुढे केला.

"थांब जरा," सरूबाई म्हणाली, आणि बोट उचललं नाही.

मी कागद धरून उभी राहिले.